चार दिवसांचं श्रमदान आणि जर्मनीचा पैसा

बॉनमध्ये मंजूर झालेला आणि फ्रँकफर्टच्या एका सरकारी बँकेतून निघालेला पैसा नव्वदच्या दशकात संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीच्या माळावर पोचला. तिथे त्याचं काम म्हणजे डोंगरउतारावर चर खणणं, ओहोळांत दगडी बांध रचणं, शेतांना ताली घालणं. जर्मन सरकारच्या परदेशी विकास मदतीतला हा अगदी किरकोळ वाटा. पण अशा पैशाला नगर जिल्ह्यातल्या गावात शिरायला एक अट होती, आणि ती बॉनमध्ये ठरलेली नव्हती. घरटी एका माणसाने आधी चार दिवस फुकट राबायचं. तेवढं झालं की मग पुढचं बोलणं.

देणाऱ्याने अटी घालाव्यात आणि घेणाऱ्याने मान डोलवावी, हीच परदेशी मदतीची सर्वसाधारण रीत. इथे अट गावच्या बाजूने आली आणि पैसा थांबून राहिला. त्यामुळे सरकारं एकमेकांना मदत कशी करतात हे समजून घ्यायला न्यूयॉर्क किंवा पॅरिसच्या परिषदांपेक्षा नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) मला जास्त सोयीचा वाटतो. तरी आधी त्या परिषदांकडे थोडं वळावंच लागेल.

२४ ऑक्टोबर १९७० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एक ठराव केला. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम गरीब देशांच्या विकासासाठी द्यावी, असं त्यात म्हटलं होतं. आज अर्ध्या शतकानंतर तो आकडा सातत्याने गाठणारे देश हाताच्या बोटांवर मोजता येतात: स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, लक्झेंबर्ग. ब्रिटनने २०१३ मध्ये तो गाठला, २०१५ मध्ये त्याचा कायदाच केला, २०२१ मध्ये ०.५ वर उतरला आणि २०२७ पर्यंत ०.३ वर येणार असल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर करून मोकळा झाला. अमेरिकेने तर आकडा कधी मानलाच नव्हता, आणि २०२५ मध्ये आपली यूएसएड ही संस्थाही गुंडाळली.

जर्मनीने हा उंबरठा पहिल्यांदा ओलांडला २०१६ मध्ये. पण त्यात एक मेख आहे. आपल्या देशात आलेल्या निर्वासितांवर पहिल्या वर्षी होणारा खर्चही श्रीमंत देशांच्या नियमांनुसार ‘विकास मदत’ म्हणून धरता येतो. सीरियातून आलेल्या लोकांची बर्लिन-म्युनिकमध्ये सोय करायला लागलेला पैसा असा परदेशी मदतीच्या खात्यात जमा झाला आणि टक्का वर गेला. कुठलंही सरकार मदतीचा आकडा सांगतं तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात: हे नुसतं वचन आहे की पैसा हातातून सुटला आहे? अनुदान आहे की सवलतीच्या व्याजाचं कर्ज? आणि पैसा खर्च नेमका कुठे होणार आहे? वर्तमानपत्रातले मथळे बहुतेक वेळा वचनाचे असतात. वचन आणि वाटप यांत पाच-पाच, सात-सात वर्षांचं अंतर पडतं, आणि वाटपाला कोणी मथळा देत नाही.

फ्रँकफर्टच्या त्या बँकेचं नाव केएफडब्ल्यू. जर्मन नावाचा अर्थ ‘पुनर्बांधणीसाठी कर्जसंस्था’. ती स्थापन झाली १९४८ मध्ये, तीच मुळी मदत घेण्यासाठी. महायुद्धात बेचिराख झालेल्या जर्मनीला अमेरिकेच्या मार्शल योजनेतून माल मिळत होता. जर्मन व्यापारी त्या मालाची किंमत मार्कांमध्ये भरत, ते मार्क एका निधीत साठत आणि केएफडब्ल्यू त्यातून कारखान्यांना, घरबांधणीला कर्ज देई. कर्ज फिटलं की तोच पैसा पुन्हा दुसऱ्याला. तो निधी आजही चालू आहे. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने विकास सहकार्याचं स्वतंत्र मंत्रालय काढलं, आणि मदत घेण्यासाठी जन्मलेली बँक मदत वाटू लागली.

आपल्याकडेही असाच एक निधी साठला होता. अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली १९५६ पासून भारताने गहू घेतला आणि त्याची किंमत रुपयांत भरली. ते रुपये अमेरिकेच्या नावावर भारतातच साठत गेले. इतके की आपल्या चलनाचा एवढा मोठा हिस्सा परक्या सरकारच्या हाती असावा का, असा प्रश्न उभा राहिला. शेवटी फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकी राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती ठेवला आणि तो हिशेब मिटवला. जगातला तेव्हाचा सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून त्याची नोंद झाली. जर्मनीत तशाच साठलेल्या पैशातून पिढ्यान् पिढ्या चालणारी कर्जसंस्था उभी राहिली, आपल्याकडे एक विक्रम झाला. दोन्ही देशांची परिस्थिती वेगळी होती हे मान्य. तरी हळहळ वाटते.

महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना परदेशी धान्य आठवतं ते मात्र पुस्तकातल्या पीएल-४८० मुळे नाही, १९७२ च्या दुष्काळामुळे. रेशनवरची तांबडी मिलो आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. नगर जिल्ह्यात ही आठवण जास्त खोल आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अकोले तालुक्याचा पश्चिम भाग पावसाने झोडपला जातो, भंडारदरा भरतं, प्रवरा वाहते. आणि तिथून पूर्वेला उतरलं की ढग रिकामे झालेले असतात. संगमनेरचं पठार, पारनेर, नगर तालुका, पाथर्डी, कर्जत, जामखेड, सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. एकाच जिल्ह्यात प्रवरेच्या कालव्यांवर उसाचे फड आणि प्रवरानगरला १९५० मध्ये सुरू झालेला सहकारी साखर कारखाना, आणि तिथून एसटीने तास-दोन तासांवर टँकरची वाट बघणाऱ्या बाया.

बहात्तरनंतर ठिकठिकाणी विहिरी खोदल्या गेल्या, जुन्या खोल केल्या गेल्या. रोजगार हमीवर नाला-बांध झाले, पाझर तलाव झाले. पण पाणी मुरणार कुठे? खाली काळा पाषाण. पाणी धरतो तो वरचा मुरुमाचा, झिजलेल्या खडकाचा थर. तो भरायचा तर वरून वाहून जाणारं पाणी डोंगरावरच अडवावं लागतं. हिशेब सोपा आहे. दुष्काळी गावात वर्षाला ४५० मिलिमीटर पाऊस पडला, तर एका हेक्टरवर ४५ लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर साडेचारशे टँकर, एका हेक्टरवर. तरी गावाला टँकर लागतो, कारण हे पाणी चार-पाच मोठ्या सरींत येतं, उघड्या डोंगरावरून माती घेऊन ओढ्याला लागतं आणि तासाभरात पुढच्या गावाचं होतं.

म्हणून ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, मग उतारावर झाडं आणि गवत, घळींत अनघड दगडांचे बांध, त्याखाली शेतांची बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी ओढ्यावर माती नालाबांध किंवा सिमेंटचा बंधारा. लोकांना आणि पुढाऱ्यांना घाई नेमकी शेवटच्या कामाची असते, कारण बंधारा दिसतो आणि त्याचं उद्‌घाटन करता येतं. चराचं उद्‌घाटन करायला कोण येणार? पण वरचे चर न खणता खाली बंधारा बांधला, तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

हे तंत्र जर्मनीहून आलं नाही, आणि ते टिकवण्याचे नियमही नाहीत. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी १९७५ पासून काम सुरू केलं आणि त्यातून नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री रुजली. नगर तालुक्यात हिवरे बाजारला पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेतून तेच सूत्र पुढे गेलं. जर्मन पैसा येण्याआधीच जिल्ह्याला ठाऊक होतं की डोंगर वाचवायचा तर पहिल्यांदा शेळी आणि कुऱ्हाड आवरावी लागते, आणि ती पोलीस पाठवून आवरत नाही, गावाने ठरवलं तरच आवरते.

त्या पैशाची आणि या जाणतेपणाची गाठ घालून दिली ती फादर हर्मन बाखर यांनी. स्वित्झर्लंडमध्ये १९२४ मध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले आणि पुढे नगर जिल्ह्याचेच झाले. साठच्या दशकात त्यांनी नगरला सोशल सेंटर काढलं. या सेंटरने नगरजवळच्या पिंपळगाव वाघा इथे केलेलं पाणलोटाचं काम इतकं गाजलं की १९९५ मध्ये जागतिक बँकेच्या एका संस्थेने त्यावर स्वतंत्र पुस्तक काढलं. बाखर यांचं म्हणणं असं की एखाद-दुसरं आदर्श गाव उभं करणं हा चमत्कार झाला, कार्यक्रम नव्हे. एका गावात जे एका खमक्या माणसामुळे जमतं, ते शंभर गावांत साध्या माणसांकडून कसं करून घ्यायचं? १९८९ पासून याची आखणी झाली आणि १९९२ मध्ये महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम प्रत्यक्ष सुरू झाला. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे सगळे जिला ‘वॉटर’ म्हणतात ती संस्था, नगरमध्ये स्थापन केली.

आता पैशाची वाट बघू. जर्मन मदतीचे दोन खिसे असतात. एक तांत्रिक सहकार्याचा: माणसं शिकवायला, संस्था उभ्या करायला. तो तेव्हा जीटीझेड या संस्थेकडे होता; २०११ पासून तीच जीआयझेड झाली. दुसरा खिसा आर्थिक सहकार्याचा, केएफडब्ल्यूकडे. बहुतेक देशांच्या मदतीत हे दोन खिसे एकमेकांना ओळखतही नाहीत: एकीकडे प्रशिक्षणं होत राहतात, दुसरीकडे कंत्राटदार काम उरकतो. इथे त्यांना एकापुढे एक लावलं. जीटीझेडचा पैसा वॉटरमार्फत लहान स्थानिक संस्थांना आणि गावांना मिळे. त्यातून वर्ष-दीड वर्ष गाव तयारी करी. बैठका, छोट्या पाणलोटावर प्रत्यक्ष काम, हिशेब शिकणं. त्यात गाव उतरलं की मगच केएफडब्ल्यूचा मोठा पैसा भारत सरकारमार्फत नाबार्डकडे आणि नाबार्डकडून गावच्या पाणलोट समितीच्या खात्यावर. खातं समिती आणि स्वयंसेवी संस्था यांचं संयुक्त. एकाला परस्पर पैसे काढता येत नसत. कंत्राटदार नाही. आणि गावापर्यंत पोचेतो हा पैसा अनुदान असे, कर्ज नव्हे.

हे वाचायला सोपं वाटतं. सरकारी पैशाच्या दृष्टीने मात्र ही उफराटी चाल आहे. मार्च संपायच्या आत खर्च दाखवायचा असतो, तिथे एखाद्या गावाची दीड वर्ष नुसती तयारी चालली आहे म्हणून रक्कम पडून राहणं कुठल्या साहेबाला परवडेल? ते परवडलं याचं एक कारण मधे नाबार्ड होती. १९८२ मध्ये स्थापन झालेली ही ग्रामीण विकासाची बँक आहे, खातं नव्हे. तिला पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक मिळवायला यंदाचं उडवावं लागत नव्हतं. दुसरं कारण जर्मनांचा संयम. मदत करणाऱ्या सरकारात हा गुण फार दुर्मीळ असतो आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

गावाने मान्य करायच्या अटी बघितल्या की त्यांचा राळेगणशी असलेला सोयरेपणा लपत नाही. मोकाट चराई बंद. झाडतोड बंद. भाकड, निरुपयोगी जनावरं कमी करायची. अकुशल मजुरीच्या सुमारे १५ टक्क्यांएवढं श्रमदान. भूमिहीन आणि एकट्या बाईच्या संसाराला त्यातून सूट. काम संपल्यावर देखभालीसाठी निधी. आणि जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, निदान आहे त्याहून क्षेत्र वाढवायचं नाही. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात एका गावाकडून हे लिहून घ्यायला धाडस लागतं.

आराखडा तालुक्याच्या कचेरीत बसून करायचा नाही, असाही दंडक होता. शिवारफेरी करायची, गटागटाने. प्रत्येक गटात शेताचा मालक आणि मालकीण दोघांनी हजर राहायचं आणि तंत्रज्ञाने त्यांच्यासमोर ठरवायचं: बांध कुठून जाईल, किती उंच, कुठली झाडं. वॉटरचे लोक याला नेट प्लॅनिंग म्हणतात. याचा फायदा तांत्रिक कमी आणि भावकीचा जास्त. बांध माझ्या हद्दीत घेतला की तुझ्या, यावरून नगर जिल्ह्यात फौजदाऱ्या होतात. तो वाद कागदावर शाई पडायच्या आत, उन्हात, दोघांच्या देखत मिटलेला बरा.

दरेवाडी या कार्यक्रमात १९९६ मध्ये आली आणि २००१ मध्ये काम गावाच्या स्वाधीन झालं. मधल्या काळात काय बदललं याची नोंद वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने आपल्या २००५ च्या अहवालात केली आहे. उन्हाळ्यातला टँकर थांबला. शेतात मजुरीचं काम आधी वर्षातून तीन-चार महिने मिळायचं, ते नऊ-दहा महिने मिळू लागलं. मजुरीचा दर २०-३० रुपयांवरून ४०-५० रुपयांवर गेला. या तीन आकड्यांपैकी मला मजुरीचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विहिरीचं पाणी वाढलं तर विहीरवाल्याचं भलं होणारच. ज्याला विहीर नाही त्याच्या हातात काय पडलं, हे मजुरीवरून कळतं.

पण ज्याला विहीर नाही, शेतही नाही, फक्त मेंढरं आहेत, त्याचं काय? दरेवाडीच्या वाड्यांवर मेंढपाळ धनगर कुटुंबं होती आणि चराईबंदीला पहिला विरोध त्यांचाच होता. तो रास्त होता. डोंगर बंद करायचा म्हणजे त्यांचं कुरण बंद करायचं. गवत वाढल्यावर कापून न्या, असं गाईवाल्याला सांगता येतं, शंभर मेंढरांच्या कळपाला भाऱ्याने गवत कोण घालणार? त्यातून डोंगरावरची बरीच जमीन वनखात्याची, म्हणजे बंदी पाळायची गावाने आणि शिक्का दुसऱ्याचा. डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करणं, कळप कमी करून बरं दूध देणारी जनावरं घेणं, असे मार्ग काढले गेले. काहींना ते जमलं, काहींना पायाखालच्या वाटा बदलाव्या लागल्या.

हा प्रश्न एका दरेवाडीचा नव्हता. जॉन केर यांनी गणेश पांगारे आणि वसुधा पांगारे यांच्यासह महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातल्या पाणलोट प्रकल्पांचा अभ्यास केला आणि आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. लोकसहभाग आणि तांत्रिक कौशल्य दोन्ही असलेले प्रकल्प नुसत्या सरकारी प्रकल्पांपेक्षा सरस ठरले, असं त्यात दिसलं. आणि गायरानं, डोंगर यांवर जगणाऱ्या भूमिहीनांना आणि मेंढपाळांना त्याची झळ बसली, हेही दिसलं. दोन्ही खरं आहे. गावाने एकमताने ठरवलं, असं आपण कौतुकाने लिहितो तेव्हा त्या एकमतात ज्याचा आवाज बारीक होता त्याने काय सोडलं, हे हिशेबात धरायला हवं. श्रमदानाचा भार बायांवर किती पडला हाही त्यातलाच प्रश्न. चर खणून घरी आल्यावर त्यांची दुसरी पाळी सुरू होई. बचत गटांतून आणि संयुक्त महिला समित्यांतून त्यांना पुढे बोलायला जागा मिळाली, ती या भाराच्या बदल्यात.

उसाची अट कालांतराने झिजते, हा अनुभव जिल्ह्यात अनेक गावांना आला. प्रकल्प चालू असतो तोवर समितीला धाक असतो. पुढे विहिरीला पाणी दिसतं, पाण्याबरोबर मोटर येते, मग बोअर, मग डाळिंब, कांदा, चारा, दूध. पाणी मुरवायला सगळं गाव एकत्र येतं. उपसताना प्रत्येक जण एकटा असतो. हिवरे बाजारने दरवर्षी पावसाचं माप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत घातली आणि शेतीसाठी बोअर घ्यायचीच नाही असं ठरवलं, ते याच कारणासाठी. भूजलाचा कायदा महाराष्ट्राने २००९ मध्ये केला, पण गावाने मनावर घेतल्याशिवाय बोअरची गाडी कोण अडवतं? परदेशी मदतीचा करार पाच-सात वर्षांचा असतो. भूजलाचं भांडण त्याच्या पुढे सुरू होतं.

तरीही या मदतीचा शेवट मला यशाचा वाटतो, आणि त्याचं कारण दरेवाडीत नाही, दिल्लीत आहे. १९९९-२००० च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने नाबार्डकडे पाणलोट विकास निधी स्थापन करण्याची घोषणा केली. रक्कम २०० कोटी, निम्मी केंद्राची, निम्मी नाबार्डची. चालवायची पद्धत थेट इंडो-जर्मन कार्यक्रमातली: आधी क्षमताबांधणी, मग मोठा पैसा, गावाची समिती, श्रमदान. म्हणजे नगर जिल्ह्यात तपासून घेतलेली रीत आपल्याच पैशावर इतर राज्यांत जाऊ लागली. मदत देणाऱ्याची गरज संपावी, याहून मदतीचा चांगला निकाल कुठला? जर्मनीने १९९४ मध्ये बाखर यांना आपला राष्ट्रीय सन्मान दिला. २०२१ मध्ये ते वारले.

दरम्यान दिल्लीचं धोरणही बदललं. २००३ च्या अर्थसंकल्पी भाषणात जसवंत सिंह यांनी जाहीर केलं की लहान देणगीदार देशांची थेट सरकारी मदत भारत आता घेणार नाही. द्यायचीच असेल तर त्यांनी स्वयंसेवी संस्थांना द्यावी. जर्मनी, जपान, ब्रिटन, अमेरिका, रशिया आणि युरोपीय संघ एवढेच यादीत राहिले. पुढच्या वर्षी त्सुनामी आली तेव्हा भारताने परदेशी सरकारांची मदत नाकारली आणि श्रीलंका, मालदीवकडे उलट आपली जहाजं पाठवली. अर्थमंत्री असताना प्रणव मुखर्जी यांनी ब्रिटनच्या मदतीची संसदेत शेंगदाण्याशी तुलना केली होती. ती लंडनच्या वर्तमानपत्रांना चांगलीच झोंबली आणि नवं अनुदान बंद करत असल्याचं आणि चालू असलेलं २०१५ पर्यंत संपवत असल्याचं ब्रिटनने नोव्हेंबर २०१२ मध्ये जाहीर केलं.

अभिमान ठीक आहे. पण ‘संस्थांना द्या’ म्हणून दाखवलेलं दारही पुढे अरुंद होत गेलं. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. नगरला एक जाणती संस्था, तिच्या हाताखाली तालुक्या-तालुक्यातल्या दहा लहान संस्था, आणि त्यांच्यामार्फत गावं: ही साखळी आज परदेशी देणगीतून बांधायला जा, कायदाच आडवा येईल. गैरव्यवहार रोखायला नियम हवेत. पण पाच माणसांच्या खेड्यातल्या संस्थेला दिल्लीतल्या एका बँकशाखेत खातं उघडून थेट परदेशी देणगी मिळवता येईल, असं कोणाला खरंच वाटतं का?

जर्मन पैसा अजूनही महाराष्ट्रात येतो. फक्त तो आता बहुतांशी कर्ज म्हणून येतो आणि डोंगरावर चढत नाही. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प केएफडब्ल्यूच्या कर्जातून झाला. नागपूर मेट्रोला याच बँकेने ५० कोटी युरो कर्जाऊ दिले. मे २०२२ मध्ये बर्लिनला दोन्ही सरकारांनी हरित आणि शाश्वत विकासाची भागीदारी जाहीर केली: २०३० पर्यंत १० अब्ज युरो. मथळा झाला. यातलं अनुदान किती आणि परतफेडीचं किती, याचं उत्तर मथळ्यात नव्हतं; ‘सहकार्य’ या शब्दात दोन्ही मावतात. मेट्रोला कर्ज मिळणं वाईट नाही. तिकिटातून ते फिटू शकतं. सलग समतल चराचं तिकीट काढता येत नाही, म्हणून तिथे अनुदानच लागतं, मग ते बर्लिनचं असो की मुंबईचं.

आणि आता आपण देणाऱ्यांच्या रांगेतही आहोत. १९६४ पासून भारत इतर विकसनशील देशांतल्या लोकांना आयटेक कार्यक्रमाखाली इथे बोलावून प्रशिक्षण देतो. २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात विकास भागीदारीचा स्वतंत्र विभाग झाला. सर्वांत मोठा वाटा भूतानला, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात २,१५० कोटी रुपये. आफ्रिकेतल्या आणि शेजारच्या देशांना एक्झिम बँकेमार्फत सवलतीची कर्जं दिली जातात, आणि त्यात सर्वसाधारणपणे अट असते की ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. श्रीमंत देश हेच करत तेव्हा आपण त्याला बांधलेली मदत म्हणून नावं ठेवत होतो. दरेवाडीला एकही जर्मन फावडं विकत घ्यावं लागलं नव्हतं.

नेपाळमध्ये मात्र भारताने २००३ पासून वेगळा मार्ग धरला आहे. शाळा, दवाखाना, नळपाणी अशा लहान कामांसाठी पैसा भारताचा, काम तिथल्या स्थानिक यंत्रणेमार्फत, आणि मागणीही तिथून यायची. नगरच्या रीतीशी याचं नातं जवळचं आहे. फरक इतकाच की तिथे घरटी चार दिवस आधी कोणी राबून दाखवावं, अशी अट घालायचा हक्क दिल्लीला नाही. तो हक्क नेपाळी वाडीवस्तीचा आहे.